साथ सोडण्याची रीत : बसरा, मँचेस्टर आणि मित्रराष्ट्रांची माघार

मँचेस्टरचं जुनं सेंट्रल रेल्वे स्टेशन बंद पडल्यावर त्याच्या भव्य कमानीखाली प्रदर्शन-केंद्र उभं राहिलं. जी-मेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या सभागृहात २६ सप्टेंबर २००६ रोजी टोनी ब्लेअर यांनी मजूर पक्षाचे नेते म्हणून वार्षिक अधिवेशनातलं अखेरचं भाषण केलं. इराक युद्धाला साडेतीन वर्षं झाली होती आणि वर्षभरात पायउतार होण्याचं ब्लेअर यांनी आधीच कबूल केलं होतं. तरी फौजांच्या बाबतीत ते तसूभर हलले नाहीत. आता मागे हटून इराक अल कायदा आणि पंथीय टोळ्यांच्या हाती दिला, तर ती भेकड शरणागती ठरेल, असं त्यांनी बजावलं. अमेरिकेचा सगळ्यात जवळचा मित्र असणं कधीकधी जड जातं, हेही त्यांनी मान्य केलं. पण अमेरिका जगात फार गुंतते हा धोका नाही, ती दारं लावून घेईल हा खरा धोका आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

तीनच दिवस आधी, शनिवार २३ सप्टेंबरला, याच शहराच्या रस्त्यांवरून हजारो लोकांचा मोर्चा गेला होता. फौजा परत आणा, एवढीच त्याची मागणी होती. इराकमध्ये मुलं गमावलेले ब्रिटिश आईबापही त्या चळवळीत उतरले होते.

त्या भाषणाला पाच महिने होत नाहीत तोच, २१ फेब्रुवारी २००७ रोजी, ब्लेअर यांनीच संसदेत जाहीर केलं की इराकमधले ७,१०० ब्रिटिश सैनिक कमी करून ५,५०० पर्यंत आणले जातील. त्याला त्यांनी माघार म्हटलं नाही. जबाबदारी इराकी सैन्याकडे सोपवण्याचा तो एक टप्पा आहे, असं सांगितलं. सप्टेंबरमध्ये जे शरणागतीच्या जवळचं होतं, ते फेब्रुवारीत यशाचं लक्षण ठरलं.

मित्रराष्ट्राने बहुराष्ट्रीय आघाडीतून फौजा काढून घेणं हा प्रश्न बहुतेक वेळा निष्ठा की दगा अशा दोनच शब्दांत मांडला जातो. गेल्या काही दशकांतली उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली तर वेगळं चित्र दिसतं. निघून जाणं हा अपराध नाही. काही वेळा ते कर्तव्यही असतं. अपराध होतो तो कशामुळे, तर निघायचं ठरलं असताना राहतो आहोत असं भासवण्यामुळे आणि ज्यांनी आपल्यावर विसंबून जीव धोक्यात घातला त्यांना वाऱ्यावर सोडण्यामुळे.

ब्राइट यांचं शहर

मराठी वाचकाला मँचेस्टर ओळखीचं आहे ते कापडामुळे. स्वदेशीच्या चळवळीत जे विलायती कापड होळीत गेलं, त्यातलं बरंचसं लँकेशायरच्या गिरण्यांचं होतं. इचलकरंजीला आजही महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. या शहराची दुसरी ओळख आपल्याकडे कमी पोहोचली. परक्यांच्या भांडणांत आपल्या फौजा घालू नयेत, हा विचार एकोणिसाव्या शतकात इथे रुजला. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट हे त्याचे पुढारी.

क्रिमियाचं युद्धही आघाडीचं युद्ध होतं. ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान आणि पुढे सार्डिनिया रशियाविरुद्ध एकत्र लढले. ब्राइट त्या वेळी मँचेस्टरचे खासदार होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये त्यांनी कॉमन्समध्ये तह करण्याची कळकळीची विनंती केली. ते भाषण आजही ब्रिटिश संसदेतल्या श्रेष्ठ भाषणांत गणलं जातं. पण १८५७ च्या निवडणुकीत मँचेस्टरच्याच मतदारांनी त्यांना पाडलं. युद्धाच्या ज्वरात विरोधाची किंमत अशी मोजावी लागते. पुढे १८९१ मध्ये याच शहराने अल्बर्ट चौकात त्यांचा पुतळा उभारला.

दीडशे वर्षांनी मतदारांचं पारडं उलट बाजूला झुकलं. मे २००५ च्या निवडणुकीत मँचेस्टर विदिंग्टन मतदारसंघात मजूर पक्षाचं अकरा हजारांहून मोठं मताधिक्य पुसलं गेलं आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे जॉन लीच ६६७ मतांनी निवडून आले. विद्यापीठांचं शुल्क आणि स्थानिक रुग्णालय हेही मुद्दे होते. पण त्यांच्या पक्षाने इराक युद्धाला विरोध केला होता, हे विद्यार्थ्यांनी भरलेल्या त्या भागात कोणी विसरलेलं नव्हतं.

कूतचा वेढा

ज्या बसऱ्यातून ब्रिटनला बाहेर पडायचं होतं, तो मराठी माणसालाही परका नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला उतरून बसरा घेणारी फौज होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून भरती झालेले जवान टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने निघाले, मागे रेटले गेले आणि डिसेंबर १९१५ पासून कूत अल अमारा इथे वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. सुमारे १३,००० सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांतले कित्येक वाळवंटातल्या वाटचालीत आणि छावण्यांत मेले.

हा वेढा फोडायला जे सैन्य धावलं, त्यात मँचेस्टर रेजिमेंटची पहिली बटालियन होती. ती भारतात जालंधरला होती, तिथून लाहोर डिव्हिजनबरोबर आधी फ्रान्सला आणि मग मेसोपोटेमियाला गेली. ८ मार्च १९१६ रोजी दुजैलाच्या हल्ल्यात ती कूतपासून थोड्याच अंतरावर येऊन थांबली. त्या दिवशीच्या शौर्याबद्दल मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातल्या जॉर्ज स्ट्रिंगर या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गिरणगावातल्या पोराने माणदेशातल्या पोराची सुटका करायला जिवाची बाजी लावली आणि ती सुटका झाली नाही.

चार वर्षांनी इराकी जनतेने ब्रिटिश अमलाविरुद्ध उठाव केला. जुलै १९२० मध्ये हिल्ल्याजवळ मँचेस्टर रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा ताफा हल्ल्यात सापडून उद्ध्वस्त झाला. ती हकिगत आजही या शहराच्या नावानेच सांगितली जाते.

मराठ्यांच्या पलटणींना कूतमध्ये शरण जाता आलं, मरता आलं, पण आम्ही या आघाडीतून बाहेर पडतो असं म्हणता आलं नाही. त्यांच्या नावाने निर्णय घेणारं सरकार त्यांचं नव्हतं. साथ सोडण्याचा हक्क ज्याला आहे तोच मित्र म्हणवून घेऊ शकतो. ज्याला तो नाही, तो ताबेदार. म्हणून माघारीच्या हक्काला नावं ठेवण्याआधी त्याचं मोल आपण ओळखायला हवं.

स्वतंत्र भारताने तो हक्क वापरला. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने इराकसाठी भारताकडे डिव्हिजनभर सैन्य मागितलं. दिल्लीत काही आठवडे गांभीर्याने विचार झाला. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौजा पाठवायला नकार दिला. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांना पुन्हा त्याच टायग्रिसच्या काठी उभं राहावं लागलं नाही. अमेरिकेशी संबंध बिघडतील ही भीती तेव्हा बोलून दाखवली जात होती. दोनच वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, भारत-अमेरिका अणुसहकार्याचं संयुक्त निवेदन निघालं.

बसऱ्याची सहा वर्षं

१८ मार्च २००३ रोजी कॉमन्सने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. आक्रमणात ब्रिटनचे सुमारे ४६,००० सैनिक होते. नंतर दक्षिण इराकचे चार प्रांत ब्रिटनच्या देखरेखीखाली आले. सैन्याची संख्या मात्र झपाट्याने घटवली गेली. जानेवारी २००६ मध्ये ब्रिटनने अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतात मोठी कुमक पाठवण्याचं जाहीर केलं. दोन मोर्चे एकाच वेळी पेलण्याइतकं सैन्य ब्रिटनकडे नव्हतं, आणि मग बसऱ्यातले निर्णय बसऱ्याची गरज पाहून न होता हेल्मंडकडे पाहून होऊ लागले.

मँचेस्टरच्या त्या भाषणानंतर तीन आठवड्यांच्या आत लष्करप्रमुख जनरल रिचर्ड डॅनट यांनी एका वृत्तपत्राला मुलाखत दिली. आपल्या तिथे असण्यानेच सुरक्षेचे प्रश्न चिघळत आहेत आणि आपण लवकर बाहेर पडायला हवं, असं ते उघडपणे म्हणाले. पंतप्रधानांनी ज्याला शरणागती म्हटलं, त्याची शिफारस सेनापतीच करत होता.

२४ जून २००७ रोजी मँचेस्टरच्याच ब्रिजवॉटर हॉलमध्ये मजूर पक्षाच्या विशेष अधिवेशनात गॉर्डन ब्राउन नेते झाले. इराकने पक्ष आणि देश दुभंगला, हे त्यांनी कबूल केलं. पुढच्या महिन्यांत बसऱ्यात जे घडलं ते या सगळ्या कहाणीतलं सर्वात क्लेशदायक पान आहे. शहरातल्या ब्रिटिश तळांवर रोज रॉकेटं आणि उखळी तोफांचे गोळे पडत होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी महदी सेना या सशस्त्र टोळीच्या, आपल्याच कैदेत असलेल्या एका म्होरक्याशी समझोता केला. टप्प्याटप्प्याने कैदी सोडायचे आणि बदल्यात हल्ले थांबवायचे, असा तो होता. सप्टेंबर २००७ च्या सुरुवातीला सुमारे ५५० ब्रिटिश सैनिक बसरा पॅलेस सोडून शहराबाहेरच्या विमानतळावर गेले. १६ डिसेंबरला प्रांताची सुरक्षा औपचारिकपणे इराककडे सोपवली गेली. शहर टोळ्यांच्या हाती गेलं आणि बायकांनी कसं वावरायचं हेदेखील त्या टोळ्या ठरवू लागल्या.

२५ मार्च २००८ रोजी इराकचे पंतप्रधान नूरी अल मलिकी यांनी स्वतः बसऱ्यात येऊन टोळ्यांविरुद्ध मोहीम उघडली. ब्रिटनला त्याची नीटशी पूर्वसूचनाही नव्हती. मोहीम अडखळली तेव्हा मदतीला आधी धावले ते अमेरिकी. ब्रिटिश सैन्य उशिरा उतरलं. १ एप्रिलला फौजा घटवण्याचा बेत लंडनने थांबवला. ज्या देशाला अमेरिकेच्या नजरेतली पत राखायची होती, त्याची पत नेमकी इथे घसरली. ३० एप्रिल २००९ रोजी ब्रिटनची लढाऊ कारवाई संपली आणि बसऱ्याचा तळ अमेरिकी तुकडीच्या ताब्यात गेला. तोवर १७९ ब्रिटिश सैनिक आणि लष्करी कर्मचारी इराकमध्ये मरण पावले होते.

सर जॉन चिलकॉट यांच्या चौकशी समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द. आपल्याच सैनिकांवर हल्ले करणाऱ्या टोळीशी समझोता हाच उत्तम पर्याय वाटावा, अशी अवस्था येणं मानहानीचं होतं, असा त्याचा निष्कर्ष आहे. जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी मारले गेले, बहुतेक सामान्य नागरिक, आणि दहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले, हेही त्यात नोंदवलं आहे. माघारीच्या चर्चेत हा आकडा अनेकदा तळटीप होतो. तो पहिल्या ओळीत असायला हवा.

प्रत्येकाचं कारण निराळं

इराकच्या आघाडीत तीसहून अधिक देशांनी कधी ना कधी सैन्य पाठवलं. ते कसे निघाले हे पाहिलं की माघारीचे प्रकार लक्षात येतात.

स्पेनची माघार मतपेटीतून आली. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, जवळपास दोनशे माणसं मेली. तीन दिवसांनी समाजवादी पक्ष निवडून आला. नवे पंतप्रधान सापातेरो यांनी सत्ता हाती घेताच सुमारे १,३०० सैनिक परत बोलावले आणि मेअखेर ते मायदेशी पोहोचले. होंडुरास आणि डॉमिनिकन रिपब्लिक पाठोपाठ निघाले. हा दहशतवादाचा विजय आहे, अशी टीका झाली. पण सापातेरो यांनी माघारीचं वचन स्फोटांच्या कितीतरी आधी दिलं होतं आणि अफगाणिस्तानातलं स्पॅनिश सैन्य त्यांनी नंतर वाढवलं. एका युद्धाला विरोध म्हणजे सगळ्याच जबाबदाऱ्यांतून पळ नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखवलं.

फिलिपिन्सची माघार एका माणसासाठी होती. जुलै २००४ मध्ये एका फिलिपिनो ट्रकचालकाचं इराकमध्ये अपहरण झालं. त्याच्या प्राणांच्या बदल्यात फिलिपिन्सने आपले ५१ सैनिक महिनाभर आधीच काढले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने जाहीर नाराजी दाखवली. पण ज्या देशाचे लाखो लोक आखातात राबतात, त्या देशाच्या सरकारला तो चालक आपल्या प्रत्येक घरातला वाटला. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या ज्या घरांचा कर्ता माणूस आखातात आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

एकाच्या जाण्याने दुसऱ्यावर भार कसा पडतो, हे मुथन्ना प्रांतात दिसलं. समावा शहरात जपानचे सुमारे ६०० सैनिक पाणी, रस्ते आणि दवाखान्यांची कामं करत होते. त्यांच्या राज्यघटनेने लढायला मनाई असल्याने संरक्षणाची भिस्त डच सैन्यावर होती. मार्च २००५ मध्ये डच निघाले. ऑस्ट्रेलियाला सुमारे ४५० सैनिक नव्याने पाठवावे लागले. जपानी पुढे जुलै २००६ मध्ये परतले. डचांनी मुदत आधीच सांगितली होती, म्हणून पर्याय उभा करायला वेळ मिळाला.

जॉर्जियाची माघार सर्वांत आकस्मिक होती. ऑगस्ट २००८ मध्ये रशियाशी युद्ध पेटलं आणि इराकमधले सुमारे २,००० जॉर्जियन सैनिक अमेरिकेच्याच विमानांनी घाईने मायदेशी नेले गेले. स्वतःच्या घराला आग लागली असताना कोणी कोणाला अडवलं नाही. इटलीने २००६ अखेर, तर पोलंडने २००८ च्या शरदात सैन्य काढलं. जुलै २००९ संपताना उरलेले मित्रही गेले आणि बहुराष्ट्रीय म्हणवणाऱ्या फौजेत अमेरिकेखेरीज कोणी उरलं नाही.

थोरला निघाला की

अफगाणिस्तानात नाटोचं नाव होतं, संयुक्त राष्ट्रांचा आधार होता, तरी प्रश्न तेच उभे राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये उरुझगान प्रांतात राहायचं की नाही यावरून नेदरलँड्सचं सरकारच पडलं आणि ऑगस्टमध्ये डच सैन्य निघालं. कॅनडाने २०११ मध्ये कंदाहारमधली लढाई थांबवली. फ्रान्सने २०१२ अखेर लढाऊ तुकड्या काढल्या. या तिन्ही माघारी जाहीर होत्या, त्यावर संसदेत आणि निवडणुकांत वाद झाले, आणि त्यांच्या जागी इतर सैन्य आलं.

सगळ्यांत मोठी माघार मात्र आघाडीच्या म्होरक्यानेच घेतली. २९ फेब्रुवारी २०२० चा दोहा करार अमेरिका आणि तालिबान यांच्यात झाला. त्यात ना काबूलचं सरकार होतं, ना नाटोचे सहकारी. ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी अमेरिकेशिवाय राहण्यासाठी इतर मित्रांची चाचपणी केली, पण कोणी तयार झालं नाही. विमानं, टेहळणी, जखमींना उचलणं, सगळं अमेरिकेच्या जोरावर चालत होतं. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडलं. ४५७ सैनिक गमावलेल्या ब्रिटनला निर्णयाच्या वेळी फारसं विचारलंही गेलं नाही.

धाकटा मित्र निघाला तर भार वाटून घेता येतो. थोरला निघाला तर आघाडीच उरत नाही. तरी निष्ठेचे धडे नेहमी धाकट्यालाच दिले जातात.

माघारीने माणसं मेली तेव्हा

माघारीच्या हक्काची बाजू घेताना रवांडा विसरून चालणार नाही. एप्रिल १९९४ मध्ये तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत बेल्जियमची तुकडी सर्वांत सज्ज होती. ७ एप्रिलला तिचे दहा सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने सगळी तुकडी काढून घेतली. ११ एप्रिलला किगालीतल्या एका तंत्रशाळेतून बेल्जियन सैनिक निघून गेले. तिथे सुमारे दोन हजार माणसं त्यांच्या भरवशावर आश्रयाला होती. त्यातल्या बहुतेकांची लगेच कत्तल झाली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने उरलेली शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. पुढच्या तीन महिन्यांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. घानाच्या सैनिकांचा एक गट मात्र तुटपुंज्या साधनांनिशी थांबला आणि त्याने हजारोंचे जीव वाचवले. बेल्जियमच्या पंतप्रधानांनी २००० मध्ये किगालीत जाऊन माफी मागितली.

भारतानेही बहुराष्ट्रीय फौजेतून सैन्य काढलं आहे. २००० साली सिएरा लिओनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख मेजर जनरल विजय जेटली होते आणि भारताचे सुमारे तीन हजार सैनिक तिथे होते. जुलैमध्ये ऑपरेशन खुकरीत भारतीय सैन्याने कैलाहूनला बंडखोरांच्या वेढ्यात अडकलेल्या शांतिसैनिकांना सोडवलं. पण नायजेरियन अधिकाऱ्यांच्या हिरे-व्यवहारांतल्या सहभागाविषयी जेटली यांचं टिपण फुटलं आणि सेनेतलं सहकार्य कोसळलं. सप्टेंबरमध्ये भारताने माघार जाहीर केली. पण सैन्य एका रात्रीत निघालं नाही. बदली तुकड्या येण्यासाठी अवधी दिला गेला आणि मोहीम पुढे चालू राहिली. बेल्जियमच्या आणि भारताच्या माघारीतला हा फरक फौजांच्या संख्येचा नाही. मागे असहाय माणसं सोडली की नाही, हा तो फरक आहे.

मागे राहिलेले

मराठी इतिहासात साथ सोडण्याचं सर्वांत परिचित उदाहरण सूरजमल जाट यांचं. १७६० च्या पावसाळ्यात, दिल्ली हाती आल्यानंतर, भाऊसाहेबांशी मतभेद होऊन ते आपलं सैन्य घेऊन निघून गेले. त्याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत आणि चूक भाऊंची होती असं मानणारेही आहेत. पण १४ जानेवारी १७६१ नंतर पानिपतातून जीव घेऊन आलेल्या बायका-पोरांना, जखमींना, बुणग्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तो याच सूरजमल यांनी. जखमी शमशेरबहादुराने अखेरचा श्वास जाटांच्याच मुलखात घेतला. लढाईतून बाहेर पडलेल्या मित्राने माणुसकीतून अंग काढून घेतलं नाही.

बसऱ्यात ब्रिटिशांसाठी काम केलेल्या दुभाष्यांना टोळ्या शोधून मारत होत्या. २००७ च्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये मोहीम उभी राहिली, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये ब्राउन सरकारने मदतीची योजना आणली. तीही किमान बारा महिने काम केलेल्यांपुरती. अकरा महिने काम केलेल्याला टोळीने माफ केलं असतं का?

ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रिटनने काबूलहून सुमारे १५,००० लोकांना विमानाने आणलं. मँचेस्टरसह अनेक शहरांत अफगाण कुटुंबं महिनोन्‌महिने हॉटेलांत राहिली. इथल्या शाळांनी, मशिदींनी, चर्चनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना जमेल तसं सामावून घेतलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्याच्या चुकीने ब्रिटनमध्ये येण्यासाठी अर्ज केलेल्या जवळपास १९,००० अफगाणांची यादी फुटली. ती गोष्ट न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५ पर्यंत जनतेपासून झाकून ठेवली गेली. ज्यांनी आपल्या सैनिकांसाठी जीभ आणि जीव वापरला, त्यांची नावं सांभाळणं ही युद्धातली शेवटची जबाबदारी होती. तीही पार पडली नाही.

मैत्रीचं वजन

साथ सोडू नये, या बाजूचा सर्वांत जोरकस युक्तिवाद प्रभावाचा आहे. सोबत राहिलो तर बलाढ्य मित्राला आवरता येतं, त्याच्या कानाला लागता येतं. ब्लेअर यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. जुलै २००२ मध्येच त्यांनी बुश यांना लिहिलं होतं की काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन. ज्याची साथ आधीच पक्की आहे, त्याचं ऐकण्याचं कारण उरत नाही. अमेरिकेवरच्या आपल्या प्रभावाचा ब्लेअर यांचा अंदाज फाजील होता, असं चिलकॉट समितीने म्हटलं. प्रामाणिक मतभेदाचं वजन पेलण्याइतकी ही मैत्री भक्कम आहे, असंही ती म्हणाली. हॅरल्ड विल्सन यांनी व्हिएतनामला ब्रिटिश फौजा पाठवल्या नव्हत्या. ती मैत्री तरीही टिकली.

२८ सप्टेंबर २०१० रोजी मँचेस्टरच्या त्याच जुन्या स्टेशनातल्या सभागृहात मजूर पक्षाचे नवे नेते एड मिलिबँड यांनी सांगितलं की इराक युद्धात जाणं चूक होती. चार वर्षांत, एकाच शहरात, एकाच पक्षाच्या तीन नेत्यांनी शरणागतीच्या इशाऱ्यापासून चुकीच्या कबुलीपर्यंतचा प्रवास केला. हीच कबुली आधी आली असती तर बसऱ्यातला चोरटा समझोता टळला असता, असं मला वाटतं. चूक मानता येत नाही म्हणून निघता येत नाही, आणि निघता येत नाही म्हणून सैनिक मरत राहतात.

या सगळ्या उदाहरणांतून चार प्रश्न निघतात आणि ते फौजा काढताना नव्हे, पाठवताना विचारायचे आहेत. कशासाठी चाललो, आणि ते साधलं वा साधणं अशक्य झालं हे कशावरून ओळखणार? निघण्याचा निर्णय आपली संसद घेणार की दुसऱ्याची राजधानी? आपली जागा कोण आणि किती दिवसांत भरणार? आणि आपल्यावर विसंबलेल्या स्थानिक माणसांचं काय करणार? स्पेनने दुसऱ्याचं उत्तर दिलं, डचांनी आणि भारताने तिसऱ्याचं, सूरजमल यांनी चौथ्याचं. बसऱ्यात ब्रिटनकडे चारांपैकी एकाचंही धड उत्तर नव्हतं. बेल्जियमकडे चौथ्याचं नव्हतं आणि त्याची किंमत रवांडाने मोजली.

भारताला पुढे अशा आघाड्यांची निमंत्रणं वारंवार येतील. देश मोठा होत जाईल तशी ती अधिक आग्रहाची होतील. नकार देणं अवघड जाईल, निघणं त्याहून अवघड. फौजेत पोरं पाठवणाऱ्या गावांनी, त्या गावांच्या खासदारांनी आणि परदेशी स्थिरावलेल्या आपल्या माणसांनीही हे चार प्रश्न आधीच मोठ्याने विचारले पाहिजेत. ज्या सरकारला त्यांची उत्तरं देता येत नाहीत, त्याने पहिली तुकडीही विमानात चढवू नये.